सदर थांबवताना

टी. जे. एस. जॉर्ज यांनी २०२२ मध्ये आपलं 'पॉइंट ऑफ व्ह्यू' हे सदर थांबवलं, तेव्हा ते ९४ वर्षांचे होते. १९५० मध्ये मुंबईच्या 'फ्री प्रेस जर्नल'मधून पत्रकारितेत आलेला हा माणूस पुढे बेंगळुरूत स्थिरावला आणि 'द न्यू इंडियन एक्सप्रेस'मध्ये २५ वर्षं हे सदर लिहीत राहिला. राजकारण, संगीत, शहराची दैना, भाषेचे वाद, ज्या विषयावर मत असेल त्यावर त्यांनी लिहिलं. मग शेवटचा लेख लिहून त्यांनी वाचकांचा रीतसर निरोप घेतला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांचं हे काम तीन वर्षांपूर्वीच, त्यांच्याच हातून पूर्ण झालेलं होतं.

ही संधी प्रत्येकाला मिळत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून 'निबंधमाला' जवळजवळ एकहाती लिहिली. तिचे ८४ अंक निघाले आणि १८८२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यांना मृत्यूने गाठलं. तिथे निवडीचा प्रश्नच नव्हता. आपल्यापैकी बहुतेकांचं लेखन मात्र तिसऱ्याच तऱ्हेने संपतं. एक लेख चुकतो, मग दोन चुकतात, संपादकांचे फोन कमी होतात, आणि एके दिवशी लक्षात येतं की सदर बंद पडून वर्ष झालं. कुणी ते बंद केलं नाही आणि कुणी निरोपही घेतला नाही. मागे उरतात ती कपाटातली कात्रणं आणि कुणाला न उघडता येणाऱ्या फायली.

हा लेख अशा लेखकांसाठी आहे ज्यांनी दहा-वीस वर्षं नेमाने मतं मांडली: वर्तमानपत्राच्या पुरवणीत, साप्ताहिकात, मंडळाच्या त्रैमासिकात किंवा स्वतः काढलेल्या छोट्या अंकात. बेंगळुरूसारख्या शहरात, जिथे मराठी वाचक विखुरलेला आहे आणि मराठी छापील मजकूर मुळातच थोडा, तिथे अशा लेखनाचं मोल अधिक आहे. परप्रांतात राहून आपल्या भाषेत विचार करणाऱ्या माणसाला एखाद्या वर्षी काय वाटत होतं, याची नोंद दुसरीकडे कुठेही सापडत नाही. माझं सांगणं एवढंच आहे की थांबणं हेही लेखनाचंच काम आहे. ते संपादकावर, प्रकृतीवर किंवा वारसांवर न सोडता, हात चालतोय तोवर आपणच करावं.

वेळ झाली, हे कसं ओळखावं

थकवा आणि शेवट यांत फरक करायला हवा. थकव्यावर सुट्टी हा उपाय आहे. संपादकांना सांगून दोन महिने लिहू नका. त्या काळात वाचताना, बाजारात, बसमध्ये 'यावर लिहायला हवं' असं आपसूक मनात येत असेल, तर तुम्ही फक्त दमला होता. पुन्हा लिहायला लागा.

मनात तसं काही येत नसेल तर आणखी एक तपासणी करा. आपले शेवटचे दहा-बारा लेख सलग वाचा आणि प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा. हा लेख लिहिताना मला काही नवं शोधावं लागलं का? यातलं मत मी पाच वर्षांपूर्वीही याच शब्दांत मांडलं असतं का? पहिल्याचं उत्तर सतत 'नाही' आणि दुसऱ्याचं सतत 'हो' येत असेल, तर तुमची मतं आता ठरून गेली आहेत आणि वाचकाला ती आधीच ठाऊक आहेत. नाना विषयांवरच्या सदराचा प्राण लेखकाच्या कुतूहलात असतो. ते आटलं की विषय बदलत राहतात, लेख मात्र तोच राहतो.

दोन प्रसंगी निर्णय घेऊ नका. एखाद्या लेखावर कडाडून टीका झाली म्हणून थांबू नका, आणि घरात आजारपण किंवा दुःख असतानाही थांबू नका. अशा वेळी घेतलेल्या निर्णयाची पुढे रुखरुख लागते. मन शांत असताना तारीख ठरवा. वर्षअखेर, दिवाळी, सदराचा वाढदिवस असा काही नैसर्गिक टप्पा असेल तर उत्तम. ठरवल्यापासून शेवटच्या लेखापर्यंत तीन ते सहा महिने हाताशी ठेवा. पुढची कामं तेवढा वेळ मागतात.

एकदम बंद करण्याऐवजी वेग कमी करण्याचाही मार्ग आहे. 'सत्यकथा' मासिक १९८२ मध्ये बंद झालं, पण त्याच घराचा 'मौज' दिवाळी अंक चालू राहिला. नेमाचं ओझं उतरवून वर्षाकाठी एक सविस्तर लेख लिहिणं अनेकांना मानवतं. मात्र तसं करायचं असेल तर ते उघड ठरवा. साप्ताहिक सदर आपोआप मासिक आणि मग वार्षिक होत जाणं, म्हणजे पुन्हा तेच न सांगता विरून जाणं.

आधी कुणाला सांगायचं

पहिल्यांदा संपादकांना. त्यांना जागा भरायची असते, नवा लेखक शोधायचा असतो. किमान दोन महिने आधी सांगा, आणि छापील निरोपाची तारीख दोघांनी मिळून ठरवा. वाचकांना किंवा मित्रांना त्याआधी कळू देऊ नका. वर्षानुवर्षं ज्यांनी तुमचा मजकूर तपासला, अक्षरजुळणी केली, चित्रं काढली, त्यांना स्वतः भेटून किंवा फोन करून सांगा.

जमलं तर रिकाम्या होणाऱ्या जागेसाठी दोन नावंही सुचवा. बेंगळुरूत मराठी लिहू शकणारी तरुण मुलं आहेत. व्हाइटफील्ड आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपन्यांत काम करणारी, इथेच शिकलेली, घरी मराठी आणि बाहेर कन्नड बोलणारी. त्यांना कुणी लिहायला सांगितलेलं नसतं, एवढीच अडचण असते. तुमची जागा एखाद्या अशा मुलीला मिळाली, तर सदर थांबूनही मराठी वाचकाचं नुकसान होत नाही.

अंक तुम्ही स्वतः काढत असाल तर हिशेब मोठा आहे. वर्गणीदारांची यादी समोर घ्या. ज्यांची वर्गणी शिल्लक आहे त्यांना उरलेले पैसे परत करा, किंवा त्या रकमेचं पुस्तक हवं का ते विचारा. आजीव वर्गणीदारांचा प्रश्न सर्वांत नाजूक असतो, कारण त्यांनी भरवशावर एकरकमी पैसे दिलेले असतात. त्यांना प्रत्येकी स्वतंत्र पत्र लिहा. बहुतेक जण पैसे मागणार नाहीत, पण विचारणं हे आपलं कर्तव्य आहे. छापखाना, कागदवाला, टपालखर्च यांची देणी चुकवा आणि अंकाच्या नावाचं बँक खातं सर्वांत शेवटी बंद करा. अंकाची नोंदणी केलेली असेल तर तीही रीतसर मिटवा. १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झाला आहे आणि ही कामं आता प्रेस सेवा पोर्टलवर होतात. नोंदणी तशीच लोंबकळत ठेवली की नोटिसा घरच्यांच्या पत्त्यावर येत राहतात.

पुण्याहून 'अंतर्नाद' मासिक २५ वर्षं चालवणाऱ्या भानू काळे यांनी मासिक थांबल्यावर 'अंतर्नाद : एका मासिकाचा उदयास्त' हे पुस्तक लिहिलं. मासिक कसं उभं राहिलं आणि का मावळलं, याचा असा प्रामाणिक लेखाजोखा पुढच्या संपादकांना फार उपयोगी पडतो. तुमचा अंक लहान असेल तर पुस्तक नको, दहा पानांचं टिपण पुरे: खर्च किती यायचा, प्रती कुठे जायच्या, कोणते विषय चालले, कुठे अडलं.

हक्क कुणाचा

जुने लेख एकत्र छापायचे तर आधी मालकी स्पष्ट हवी. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, मानधनावर बाहेरून लिहिणाऱ्या लेखकाचा हक्क त्याच्याकडेच राहतो, जोवर त्याने तो लेखी करून दुसऱ्याला दिलेला नसतो. वर्तमानपत्राच्या पगारी नोकराची गोष्ट थोडी वेगळी. त्याच्या लेखाचा वर्तमानपत्रात आणि नियतकालिकांत छापण्याचा हक्क मालकाचा असतो. वेगळा करार नसेल तर पुस्तकासारखे बाकीचे हक्क लेखकाचे. हक्क दिल्याचा कागद असेल पण त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. म्हणून जुनी पत्रं आणि करार शोधा. काहीच सापडलं नाही तरी संपादकांकडून 'पुस्तकरूपात छापण्यास आमची हरकत नाही' असं दोन ओळींचं पत्र घ्या. आज ओळखीचे संपादक आहेत. दहा वर्षांनी त्या खुर्चीवर तुम्हाला न ओळखणारं कुणी असेल.

लेखासोबतची चित्रं आणि छायाचित्रं ज्यांची त्यांची असतात. वाचकांच्या पत्रांचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा. ती छापायची तर परवानगी हवी.

सदराच्या नावाचाही विचार करा. बेंगळुरूच्या 'डेक्कन हेरल्ड'चे सुरुवातीचे संपादक पोथन जोसेफ यांचं 'ओव्हर अ कप ऑफ टी' हे सदर त्यांच्याबरोबर एका वर्तमानपत्रातून दुसऱ्यात जात राहिलं. नाव पत्राचं नव्हतं, लेखकाचं होतं. जॉर्ज यांनी पुढे याच जोसेफ यांचं चरित्र लिहिलं. तुमच्या सदराचं नाव तुमच्यानंतर दुसऱ्या लेखकाने वापरलेलं चालेल का, हे संपादकांशी आत्ताच बोलून ठेवा.

कात्रणं, फायली आणि फॉन्ट

या कामाला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून ते निर्णय झाल्या दिवशी सुरू करा. आधी एक यादी बनवा. प्रत्येक लेखासाठी एक ओळ: तारीख, मथळा, कुठे छापला, विषय, लेखात आलेली महत्त्वाची माणसं आणि ठिकाणं. लेख हाताशी नसेल तरी ओळ घाला आणि पुढे 'मिळाला नाही' असं लिहा. नाना विषयांवर लिहिलेल्या मजकुराला ही यादीच उपयोगी बनवते. उद्या कुणाला बेंगळुरूच्या तळ्यांवर किंवा सीमाप्रश्नावर काही शोधायचं असेल, तर तो तुमचे सगळे लेख वाचणार नाही. तो यादीत पाहील.

वर्तमानपत्राचा कागद लगद्यातल्या लिग्निनमुळे पिवळा पडून ठिसूळ होतो. कात्रणांना चिकटपट्टी लावू नका, त्यांना लॅमिनेशन करू नका. दोन्हींमुळे कागद लवकर खराब होतो आणि नंतर सोडवता येत नाही. आम्लरहित कागदाच्या पाकिटांत ती सपाट ठेवा, मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहा, आणि कसर व वाळवी यांपासून दूर, भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात ठेवा. सगळ्या कात्रणांचं ३०० डीपीआयवर स्कॅनिंग करून घ्या. मोबाइलने काढलेला फोटो नाइलाज असेल तेव्हाच.

संगणकावरच्या मजकुराची अडचण मराठी लेखकांना विशेष भोवते. २००० च्या आसपासचे आपले बहुतेक लेख श्रीलिपी, बेंगळुरूच्या कंपनीची आकृती किंवा तत्सम फॉन्टमध्ये जुळवलेले आहेत, आणि अनेक पानं पेजमेकरमध्ये लावलेली. त्या फायली आज उघडल्या तर रोमन अक्षरांची गिचमिड दिसते, कारण ते फॉन्ट युनिकोडवर चालत नव्हते. फाइल ठीक आहे का हे पाहण्याची सोपी खूण आहे: लेखात नक्की असलेला एखादा शब्द, समजा 'कावेरी', टंकून शोधा. सापडला तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. नाही सापडला तर रूपांतर करावं लागेल. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. रफार भलत्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी सरकते, 'ऱ्या', 'श्र' आणि 'ॲ' मोडतात, जोडाक्षरं सुटी होतात. प्रत्येक रूपांतरित लेख छापील कात्रणाशी ताडून पाहावाच लागतो. घरातल्या किंवा ओळखीतल्या एखाद्या विद्यार्थ्याला योग्य मानधन देऊन हे काम सोपवा. निम्मं काम त्याचं, शेवटची नजर तुमची.

तयार मजकूर दोन रूपांत ठेवा: साधी मजकूर-फाइल आणि पीडीएफ. तीन प्रती करा. एक घरात, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे, एक ऑनलाइन. वर्षातून एकदा त्या उघडून पाहा.

बदललेल्या मतांचं काय

वीस वर्षांचा मजकूर पुन्हा वाचताना सर्वांत जास्त त्रास इथे होतो. तुम्ही मेट्रोला विरोध केला होता आणि २० ऑक्टोबर २०११ ला बैयप्पनहळ्ळी ते एम. जी. रोड ती धावू लागल्यावर रोज तिनेच जाऊ लागलात. २०१६ मध्ये बसवेश्वर सर्कल ते हेब्बाळ या पोलादी उड्डाणपुलावरून शहर रस्त्यावर उतरलं, तेव्हा तुम्ही पुलाची बाजू घेतली होती, आणि २०१७ मध्ये सरकारनेच तो गुंडाळला. बेळगावबद्दल, कन्नडच्या आग्रहाबद्दल, परप्रांतीयांबद्दल ऐन वादाच्या दिवसांत लिहिलेली वाक्यं आज तुम्हाला कर्कश वाटतील.

जुना मजकूर बदलू नका. लोकहितवादींची १८४८ ते १८५० या काळातली १०८ पत्रं 'प्रभाकर'मध्ये छापून आली आणि आजही वाचली जातात. त्यांतली कितीतरी मतं आज कुणी जशीच्या तशी स्वीकारणार नाही. पण त्या काळी एका पुण्याच्या माणसाला काय दिसत होतं, हे त्यांतून कळतं, आणि म्हणूनच ती टिकली. मत बदललं असेल तर लेखाखाली दोन-तीन ओळींचं टिपण द्या: पुढे काय घडलं, आज काय वाटतं आणि का. 'का' महत्त्वाचं आहे. मत बदलण्याचं कारण वाचकाला मूळ लेखापेक्षा जास्त शिकवून जाऊ शकतं. ठिकाणांची नावंही तशीच राहू द्या. १ नोव्हेंबर २०१४ पूर्वीच्या लेखात 'बंगलोर' असेल तर ते त्या काळाचंच आहे.

चुकीची माहिती मात्र वेगळी. आकडा, तारीख, नाव चुकलं असेल तर दुरुस्त करा आणि दुरुस्ती केल्याचं सांगा. खासगी व्यक्तींबद्दल लिहिलेला, त्यांची ओळख उघड करणारा मजकूर गाळा. शेजारी, नातेवाईक, घरकामाच्या बाई यांनी तुमच्या लेखात येण्याची परवानगी दिली नव्हती. कुणावर गंभीर आरोप करणारा लेख पुन्हा छापणार असाल तर आधी वकिलाला दाखवा. जुना मजकूर पुस्तकात येतो तेव्हा ते नवं प्रकाशन ठरतं आणि त्याची जबाबदारी नव्याने येते.

निवड आणि पुस्तक

सगळं छापायचा मोह टाळा. सगळे लेख संग्रहात जावेत, पुस्तकात निवडक. विजय तेंडुलकरांची 'कोवळी उन्हे' आणि 'रातराणी' ही पुस्तकं सदरलेखनातून आली आणि सदराची आठवण नसलेला वाचकही ती हाती घेतो. तुमच्या निवडीची कसोटी हीच ठेवा: ज्या दिवशी लेख छापला त्या दिवसाची बातमी माहीत नसलेल्या माणसाला तो वाचावासा वाटेल का?

निवड तीन जणांकडून करून घ्या. एक तुमचा जुना वाचक, एक तुमचं लेखन कधीच न वाचलेला तरुण आणि तिसरे तुम्ही. तिघांच्याही यादीत येतील ते लेख पक्के. दोघांच्या यादीत असतील त्यांवर बोला. फक्त तुम्हालाच आवडलेल्या लेखांपैकी चार-पाच ठेवा, तेवढा हक्क लेखकाचा आहे. आठशे शब्दांचे साठ लेख घेतले की साधारण १८०-१९० पानांचं पुस्तक होतं. तेवढं पुरे. विषयांप्रमाणे विभाग पाडण्यापेक्षा कालक्रम बरा. त्यातून शहरही बदलताना दिसतं आणि लेखकही. विषय शोधणाऱ्यासाठी शेवटी सूची द्या.

प्रकाशक मिळाला तर चांगलंच. नाही मिळाला तरी अडत नाही. मागणीनुसार प्रती छापून देणाऱ्या संस्था आहेत. त्यांतली पोथी डॉट कॉम बेंगळुरूचीच. गुदामात गठ्ठे ठेवावे लागत नाहीत, हवी तेव्हा हवी तेवढी प्रत निघते. आयएसबीएन क्रमांक भारतात राजा राममोहन राय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्यांकडे जाऊ नका.

संग्रह कुठे द्यायचा

पुस्तक निघालं की १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली ठरवून दिलेली ग्रंथालयं यांना प्रती पाठवायच्या असतात. प्रकाशक तुम्हीच असाल तर हे काम तुमचं. टपालखर्च होतो, पण प्रत सुरक्षित हाती पडते. याशिवाय मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आणि तुमच्या मूळ गावचं वाचनालय यांना आवर्जून द्या.

बेंगळुरूतही एक संच राहिला पाहिजे. लेख या शहराबद्दल असतील तर त्यांचं खरं घर हेच. कब्बन पार्कमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, बसवनगुडीतली १९४५ मध्ये सुरू झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर, शहरातलं महाराष्ट्र मंडळ इथे विचारा. विज्ञानावर किंवा इथल्या विज्ञानसंस्थांवर तुम्ही बरंच लिहिलं असेल तर नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस (एनसीबीएस) मधल्या विज्ञान-इतिहासाच्या अभिलेखागाराशी बोला. नुसता गठ्ठा नेऊन ठेवू नका. आधी पत्र लिहा, सोबत यादी जोडा, आणि 'घेऊ' असं लेखी उत्तर आल्यावरच द्या. न विचारता दिलेले गठ्ठे जिन्याखाली पडून राहतात. स्कॅन केलेले अंक इंटरनेट अर्काइव्हवरही ठेवता येतात. बेंगळुरूतल्या 'सर्व्हंट्स ऑफ नॉलेज' या उपक्रमाने कन्नडसह अनेक भाषांतली पुस्तकं तिथे चढवली आहेत. मराठी मजकूर कमी आहे, तो आपणच वाढवायचा.

घरच्यांसाठी एक कागद

पी. लंकेश यांनी १९८० मध्ये बेंगळुरूत 'लंकेश पत्रिके' सुरू केलं आणि एकही जाहिरात न घेता ते अखेरपर्यंत चालवलं. २५ जानेवारी २००० रोजी ते गेले. त्यानंतर साप्ताहिक मुलांकडे आलं, भावंडांत मतभेद झाले आणि २००५ मध्ये गौरी लंकेश यांनी स्वतःच्या नावाचं वेगळं साप्ताहिक काढलं. ज्या पत्राचा आवाज म्हणजे एका माणसाचा आवाज असतो, त्याचा वारसा ठरवणं कठीणच. म्हणून ते काम मुलांवर सोडू नये.

लेखकाच्या मृत्यूनंतर स्वामित्वहक्क ६० वर्षं टिकतो, म्हणजे तो नातवंडांपर्यंत जातो. मृत्युपत्रात एक परिच्छेद घाला: लेखांचे हक्क कुणाकडे, पुन्हा छापायला कोण परवानगी देईल, मिळणारं मानधन कुणाला किंवा कोणत्या संस्थेला, कोणता मजकूर कधीच छापायचा नाही. मृत्युपत्र नोंदवणं सक्तीचं नाही, पण तुमची सही आणि दोन साक्षीदार हवेतच. तुमचं लेखन सर्वांसाठी खुलं करायचं असेल तर तेही हयातीत जाहीर करता येतं. एका वेगळ्या कागदावर फायली कुठे आहेत, पासवर्ड कुणाकडे आहे आणि छापील संच कुणाला दिला, हे लिहून ठेवा.

शेवटचा लेख

तो नेहमीच्याच लांबीचा असू द्या. त्यात जुने हिशेब चुकते करू नका. संपादकीय धोरण, कमी मानधन, कुणी केलेला अपमान यांना तिथे जागा नाही. 'कदाचित पुन्हा भेटू' असं खरोखर मनात असेल तरच लिहा. थांबण्याचं कारण एका वाक्यात सांगा. पुस्तक किंवा संग्रह कुठे मिळेल, पत्र कोणत्या पत्त्यावर पाठवावं, हे नक्की द्या. ज्यांचे आभार मानायचे त्यांना आधी विचारून नावं घ्या.

उरलेल्या जागेत मात्र नेहमीसारखाच लेख लिहा: एखाद्या विषयावरचं स्पष्ट, विचारपूर्वक मत. वाचक इतकी वर्षं त्यासाठीच येत होता. निरोपाच्या आधीच्या दोन लेखांत तळाला 'हे सदर अमुक तारखेला संपत आहे' अशी एक ओळ टाका, म्हणजे ज्यांना पत्र लिहायचं आहे त्यांना वेळ मिळेल. पत्रं येतील. प्रत्येकाला उत्तर द्या, चार ओळींचं का होईना. मराठी वाचक सहसा लिहीत नाही. जो लिहितो त्याला वीस वर्षांपासून काही सांगायचं असतं.

नंतरचे काही आठवडे लेख पाठवण्याचा वार आला की हात अस्वस्थ होतील. लगेच दुसरं काही सुरू करू नका. यादी, रूपांतर, ताडणी ही कामं उरलेली असतातच, ती त्या वेळात करा. मग ज्या तरुण लेखिकेला तुमची जागा मिळाली तिचे लेख वाचा आणि आवडलेल्या लेखाबद्दल तिला कळवा. नव्या लेखकाला सुरुवातीच्या वर्षी सर्वांत जास्त गरज जाणत्या वाचकाची असते, आणि इतकी वर्षं दर आठवड्याला मत मांडलेला माणूस त्या कामाला नेमका तयार असतो.

सदर थांबवायचं मनात असेल तर या आठवड्यात एवढंच करा: वही घ्या, यादीची पहिली पंचवीस नावं लिहा, आणि शेवटच्या लेखाची तारीख पानाच्या वर टाका. तारीख कागदावर आली की पुढची कामं आपोआप रांगेला लागतात.